लिहिलेलं आणि चालणारं

१९९० चं दशक संपता संपता पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत जे प्रोग्रामर कामाला लागले, त्यांच्या टेबलावर विंडोज असे आणि कामात युनिक्स असे. क्लायंटचा सर्व्हर सोलारिसचा नाहीतर एचपी-यूएक्सचा, तोही समुद्रापलीकडे. हाताशी मात्र विंडोज एनटीचा पीसी. या दोहोंमधलं अंतर आमच्यापैकी पुष्कळांनी सिग्विनच्या आधारानं कापलं. सिग्विन बसवलं की विंडोजवर एक काळी खिडकी उघडायची, तिच्यात बॅश शेल यायचा, ग्रेप चालायचं, मेक चालायचं, जीसीसी चालायचा. युनिक्ससाठी लिहिलेला प्रोग्राम तिथं पुन्हा कंपाइल केला की बहुतेक वेळा चालायचा. जिथं चालायचा नाही, त्या जागा शोधण्यात आमची कित्येक वर्षं गेली. आज हुरहुर वाटते ती त्याच जागांसाठी.

आजच्या कचेरीत त्या टेबलाशी बसणारी नवी मुलगी लॅपटॉप उघडते, डब्ल्यूएसएल सुरू करते आणि तिच्यासमोर उबुंटू येतं. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये ही सोय जाहीर केली, तेव्हा ती लिनक्सच्या विनंत्या विंडोजच्या भाषेत सांगणारी दुभाषी होती. २०२० मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत विंडोजच्या पोटात खराखुरा लिनक्स कर्नल चालतो. आम्हाला युनिक्ससारखं काहीतरी मिळायचं, तिला लिनक्सच मिळतं. आम्हाला प्रत्येक फंक्शनवर शंका घ्यावी लागायची, तिला तशी गरज पडत नाही. तिची सोय आमच्या परिस्थितीपेक्षा सगळ्या बाजूंनी चांगली आहे, हे आधीच सांगतो. पुढचं सगळं ते मान्य करूनच लिहिलेलं आहे.

सिग्विनचा जन्म १९९५ चा, अमेरिकेतल्या सिग्नस कंपनीतला. जीसीसीसारखी मुक्त साधनं सांभाळून देणं हाच या कंपनीचा धंदा. तिथल्या स्टीव्ह चेंबरलेन यांच्या लक्षात आलं, की विंडोज एनटीच्या ऑब्जेक्ट फाइल ज्या कॉफ साच्यात असतात, तो साचा ग्नूच्या साधनांना आधीपासून बराचसा ओळखीचा आहे. मग प्रत्येक साधन विंडोजसाठी नव्यानं लिहिण्याऐवजी मध्ये एक डीएलएल घालायची, असं ठरलं. प्रोग्रामला तिच्यात युनिक्सची फंक्शनं दिसणार, आत मात्र विंडोजची बोलावली जाणार. त्या डीएलएलला सी लायब्ररी हवी होती आणि ती घरातच होती. न्यूलिब ही लायब्ररी छोट्या एम्बेडेड बोर्डांसाठी जमवलेली. गोधडीसारखी ती अनेक ठिकाणच्या तुकड्यांची होती: काही भाग बर्कलेच्या बीएसडीतून, गणिताची फंक्शनं सन कंपनीकडून, काही सिग्नसमध्येच लिहिलेली. ज्या बोर्डाला डिस्क नाही की कीबोर्ड नाही, तिथं जी उणीव कुणाच्या लक्षातही आली नसती, ती विंडोजवर अख्खं युनिक्स उभं करताना रोज जाणवू लागली. बी-१९, बी-२० अशा नावांच्या बीटा आवृत्त्या आमच्या हाती आल्या त्या याच काळात.

व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतरचीच ही वर्षं. आवृत्ती उतरवून घ्यायची ती मोडेमवरून, रात्री, घरातल्या कुणाला फोन लागत नाही अशा वेळी. मधेच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. मग ज्याच्याकडे ती पूर्ण उतरली असेल त्याच्याकडून सीडी फिरायची, आणि सीडीबरोबर ऐकीव माहितीही फिरायची: या आवृत्तीत अमुक फंक्शन बिघडलंय, जुनी डीएलएल फेकू नका.

आज ताजी आवृत्ती मिनिटांत उतरते आणि जुनी जपून ठेवायची गरज कुणाला भासत नाही. बिघाडही बहुधा तो दिसायच्या आत दुरुस्त झालेला असतो. सीडी देणारा माणूस आता लागत नाही आणि त्यामुळे त्याच्याशी होणारं बोलणंही होत नाही. ते बोलणं म्हणजेच आमचं शिक्षण होतं. वर्गात आम्हाला सी शिकवलं गेलं, पण सी लायब्ररी ही माणसांनी लिहिलेली, चुकू शकणारी वस्तू आहे हे सीडी देणाऱ्यानं सांगितलं.

युनिक्सनं काय काय द्यायचं हे पॉसिक्समध्ये लिहिलेलं होतं. पहिलं पॉसिक्स १९८८ चं. त्याचं नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवलेलं. सी भाषेचं पहिलं अमेरिकन मानक १९८९ चं. आम्ही या दोघांनाही नुसतं स्टँडर्ड म्हणायचो. मूळ प्रती डॉलर मोजून मागवाव्या लागत, त्यामुळे आमच्यातल्या फार थोड्यांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या. आम्ही स्टँडर्ड वाचलं ते पुस्तकांमधून: कर्निगन आणि रिची यांचं, रिचर्ड स्टीव्हन्स यांचं, आणि अख्खी सी लायब्ररी लिहून दाखवणारं पी. जे. प्लॉगर यांचं १९९२ चं. अप्पा बळवंत चौकात भारतीय आवृत्ती मिळाली तर ती एकजण घ्यायचा आणि कचेरीतले सगळे वाचायचे. समासात पेन्सिलीनं नोंदी असायच्या: सिग्विनवर हे नाही, एचपीवर उत्तर उलटं येतं, सोलारिसवर हेडर वेगळी. पान वाचताना स्टँडर्ड काय म्हणतं ते मजकुरात दिसायचं आणि प्रत्यक्ष काय घडतं ते समासात.

आज पॉसिक्सचा पूर्ण मजकूर कुणालाही फुकट वाचता येतो. ज्या वाक्यासाठी आम्ही दुसऱ्या गावच्या मित्राला विचारायचो, ते वाक्य शोधायला काही सेकंद पुरतात. समासाचं कामही कुणीतरी नीट करून ठेवलं आहे. ग्नूलिब या प्रकल्पाच्या दस्तऐवजात एकेका फंक्शनखाली ते कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीत नव्हतं, कुठं चुकीचं उत्तर द्यायचं, याच्या याद्या आहेत आणि त्यांत सिग्विन १.५, सिग्विन १.७ ही नावं पुन्हा पुन्हा येतात. आमच्या पेन्सिलीच्या नोंदींपेक्षा या याद्या कितीतरी अचूक आहेत. त्या उघडून वाचणारे मात्र थोडे, कारण वाचायची वेळच येत नाही.

महाराष्ट्रातल्या इंजिनियरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेल्यांना या सगळ्याचा पहिला धक्का एफफ्लशनं दिला. आम्ही सी शिकलो टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. तिथं कीबोर्डवरून एक अक्षर वाचलं की मागं एंटर शिल्लक राहायचा आणि तो काढून टाकायला स्टँडर्ड इनपुटवर एफफ्लश मारायची सवय लागलेली. तीच ओळ सिग्विनमध्ये कंपाइल केली की एंटर जागचा हलायचा नाही. पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटायचं, की सिग्विनच बिघडलंय. मग कुणीतरी प्लॉगर उघडायचं आणि कळायचं, की सी च्या स्टँडर्डनं एफफ्लशचा अर्थ फक्त आउटपुटसाठी सांगितला आहे. इनपुटवर ते बोलावलं तर काय होईल याची कसलीही हमी नाही. टर्बो सीनं एक मेहेरबानी केली होती, आम्ही तिला हक्क समजत होतो. पुढं पॉसिक्सनं ज्या इनपुट फाइलमध्ये मागंपुढं जाता येतं तिच्यासाठी एफफ्लशनं काय करायचं ते लिहून टाकलं. मग वाद उलटा झाला. आता त्या बाबतीत लायब्ररी चुकत असेल तर चूक लायब्ररीची होती आणि ती दाखवून देता येत होती.

आताच्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवसापासून लिनक्सवरचा जीसीसी असतो, मोबाइलवरही ऑनलाइन कंपायलर असतो. निळ्या पडद्याची चुकीची सवय त्याला लागत नाही, आणि तिच्यातून सुटण्याचे श्रमही पडत नाहीत. हे भलंच झालं. तरी ज्या दिवशी एक ओळ दोन यंत्रांवर दोन तऱ्हेनं वागली, त्याच दिवशी आम्हाला कळलं की चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही. हे कळण्यासाठी दोन यंत्रं लागतात. एकच यंत्र पाहिलेल्याला ते कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

मराठीशी आमची गाठ पडली ती अक्षर ओळखणाऱ्या फंक्शनांत. हा बाइट अक्षर आहे का, आकडा आहे का, हे सांगणारी इझअल्फासारखी फंक्शनं एका तक्त्यात पाहून उत्तर देतात, आणि स्टँडर्डची अट अशी, की त्यांना दिलेली किंमत शून्य ते २५५ मधली असावी किंवा फाइल संपल्याची खूण असावी. इंटेलवरच्या जीसीसीत साधा कॅरेक्टर ऋण होऊ शकतो. इंग्रजी बाइट १२७ च्या आत असल्यानं इंग्रजी मजकुरावर हे कधीच उघडकीला येत नसे. पण सी-डॅकनं रुजवलेल्या इस्की संकेतातली मराठी अक्षरं १२८ च्या वरची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४, म्हणजे ऋण बाजूनं वाचला तर उणे ३२. मराठी फाइल दिली की प्रोग्राम तक्त्याच्या आधीची मेमरी वाचायचा आणि वाटेल ते उत्तर द्यायचा. न्यूलिबनं ही फंक्शनं मुद्दाम अशी लिहिली, की साधा कॅरेक्टर दिला तर जीसीसीनं इशारा द्यावा. तो इशारा कितीतरी लोकांना कटकट वाटायचा. मराठी मजकूर हाताळणाऱ्याला मात्र तो अगदी वेळेवर मिळालेला सल्ला असायचा.

आज पायथन किंवा जावा लिहिणाऱ्याला बाइट दिसतच नाहीत. देवनागरीतलं नाव फाइलला द्या, डेटाबेसात भरा, छापा. सगळं जिथल्या तिथं. सिग्विनमध्येसुद्धा डिसेंबर २००९ च्या १.७ आवृत्तीपासून यूटीएफ-८ हीच मूळची व्यवस्था झाली. त्याआधी मराठी नावाच्या फाइलची यादी मागितली की ओळीत नुसती प्रश्नचिन्हं यायची. ती प्रश्नचिन्हं गेली याचा आनंद आमच्या पिढीइतका कुणाला झाला नसेल.

आणखी एक विधी होता, कॉन्फिगर चालवण्याचा. सोर्स उलगडायचा, कॉन्फिगर म्हणायचं आणि वाचत बसायचं. एकेक ओळ यायची: हे फंक्शन आहे का, त्याचं वागणं ठीक आहे का, शेवटी येस किंवा नो. स्ट्रएरर-आर हे फंक्शन आकडा परत करतं की मजकुराचा पत्ता, हेसुद्धा विचारलं जायचं, कारण ग्नूनं एक रूप केलं होतं आणि पॉसिक्सनं २००१ मध्ये दुसरं ठरवलं. एसएनप्रिंटएफचीही तीच गत. जागा पुरली नाही तर एकूण किती जागा लागली असती ते सांगावं, असं सी च्या १९९९ च्या मानकात लिहिलेलं. लिनक्सची ग्लिबसी २.१ पूर्वी उणे एक परत करायची, आणि मायक्रोसॉफ्टचं त्या जातीचं फंक्शन ऋण आकडा द्यायचं, वर शेवटचा शून्य बाइटही लिहायचं नाही. सिग्विनमध्ये प्रत्येक प्रश्नासाठी नवी प्रक्रिया सुरू व्हायची, त्यामुळे लिनक्सवर क्षणात संपणारी प्रश्नोत्तरं इथं फार रेंगाळायची. त्या सक्तीच्या वेळात आम्ही प्रश्न वाचले. कोणत्या फंक्शनवर जगाचा विश्वास नाही, याची ती यादीच होती.

आज डॉकरची प्रतिमा ओढली की सगळं आधीच कंपाइल केलेलं येतं. मायक्रोसॉफ्टचं एसएनप्रिंटएफसुद्धा व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून मानकाप्रमाणे वागतं. दहा जणांनी दहा यंत्रांवर तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि तीच उत्तरं मिळवायची, यात शहाणपण नव्हतंच. पण ते प्रश्न दिसेनासे झाल्यावर, कुणीतरी ते एकेकाळी विचारले होते हेही दिसेनासं झालं.

सगळ्यात अवघड होतं फोर्क. पॉसिक्स म्हणतं, की फोर्कनं चालू प्रक्रियेची हुबेहूब दुसरी प्रक्रिया तयार करावी, तीच मेमरी, तेच पत्ते. विंडोजमध्ये असं काही मागायची सोय नव्हती. सिग्विन नवी प्रक्रिया सुरू करायचं आणि जुनीची मेमरी तिच्यात उतरवून काढायचं. प्रत्येक डीएलएल त्याच पत्त्यावर बसली तरच हे जमायचं. एखादी दुसरीकडे बसली की फोर्क फसायचं. विस्टापासून विंडोज सुरक्षिततेसाठी पत्ते मुद्दाम बदलू लागलं आणि अडचण वाढली. मग करायचा तो उपाय ठरलेला: सिग्विनची एकूण एक खिडकी बंद करायची, साधा अ‍ॅश शेल तेवढा उघडायचा, रीबेसऑल चालवायचं, प्रत्येक डीएलएलला आपापला पत्ता वाटून द्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. तरीही जमलं नाही तर अँटिव्हायरसकडे बोट दाखवायचं, आणि पुष्कळदा ते बोट बरोबर असायचं.

आज चौसष्ट बिटांत पत्त्यांना इतकी ऐसपैस जागा आहे, की टक्कर क्वचित होते. बत्तीस बिटांची सिग्विनची शाखा २०२२ च्या अखेरीस ३.४ आवृत्तीत बंदच झाली. रीबेसऑलचा विधी कुणी शिकवत नाही, शिकवू नयेच. त्यात घालवलेला वेळ वायाच गेला. पण फोर्क म्हणजे नेमकं काय वचन आहे, हे ते मोडताना पाहणाऱ्याला जितकं कळलं, तितकं ते निमूट पाळलं जाताना पाहणाऱ्याला कळत नाही.

आणि ओळीचा शेवट. युनिक्समध्ये ओळ एका बाइटनं संपते, विंडोजमध्ये दोन बाइटांनी. पॉसिक्स म्हणतं, फाइल उघडताना बायनरी असं सांगितलं तरी काही फरक पडू नये. सिग्विनचा सेटअप मात्र बसवतानाच विचारायचा, मजकुराच्या फाइल युनिक्स पद्धतीच्या हव्यात की डॉस पद्धतीच्या. डॉस म्हटलं की विंडोजचे प्रोग्राम खूश आणि स्टँडर्ड नाराज. युनिक्स म्हटलं की त्याच्या उलट. २००६ मध्ये सिग्विनच्या बॅशची नवी आवृत्ती आली आणि नोटपॅडमध्ये लिहिलेल्या कितीतरी स्क्रिप्ट एका रात्रीत मोडल्या, कारण ओळीच्या शेवटचा जास्तीचा बाइट आता आज्ञेचा भाग समजला जाऊ लागला. व्हीआयमध्ये त्या बाइटची खूण दिसायची, मग एकेका फाइलवर डी-टू-यू चालवायचं. नव्या माणसाला आम्ही ही आज्ञा पहिल्या आठवड्यातच द्यायचो.

आज गिट बसवताना विंडोजवर जवळजवळ तोच प्रश्न येतो: ओळींचे शेवट बदलू का, की जसेच्या तसे ठेवू? बहुतेक जण पुढची कळ दाबतात. त्या गिटबरोबर येणारा बॅश एमएसवायएस-२ मधून येतो आणि एमएसवायएस-२ ही सिग्विनचीच फांदी आहे. म्हणजे विंडोजवर गिट बॅश उघडणारा प्रत्येक जण न्यूलिबच्या अंगणातून जातो. त्याला ते ठाऊक नसतं, कारण अंगण आता साफ आहे. ज्यांनी ते साफ केलं त्यांना याहून मोठी पावती मिळणार नाही.

ते साफ करण्याची रीत मला सगळ्यात मोलाची वाटते. बग सापडला की आधी तो स्वतःच्या प्रोग्राममधून बाहेर काढायचा. हजारो ओळी गाळत गाळत वीस-पंचवीस ओळींचा असा प्रोग्राम करायचा, की ज्यात त्या चुकीशिवाय दुसरं काही नाही. तो लिनक्सवर चालवायचा, सोलारिसवर चालवायचा, सिग्विनवर चालवायचा. मग स्टँडर्डमधलं कलम शोधायचं. आपल्याला हवं ते लायब्ररी देत नाही म्हणजे बग, असं कुणी मानत नसे. स्टँडर्डनं कबूल केलेलं ती देत नाही, हे दाखवावं लागे. कित्येकदा शोधता शोधता कळायचं की चूक आपल्याच प्रोग्रामची. कित्येकदा कलमच मोघम निघायचं. आणि कधीकधी कलम स्पष्ट, लायब्ररी चुकलेली, दुरुस्ती दोन ओळींची; ती दोन ओळींची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत आलेली पाहण्यासारखं समाधान नोकरीत क्वचित मिळालं.

आणि कलमानंही सगळे वाद मिटत नसत. २०१० मध्ये फेडोरा १४ मध्ये ग्लिबसीचं मेमसीपीवाय वेगवान झालं, ते काही यंत्रांवर बाइट उलट्या दिशेनं उतरवू लागलं आणि फ्लॅश प्लेअरचा आवाज फाटू लागला. लायब्ररीची बाजू कलमाला धरून होती: एकमेकांवर पडणाऱ्या जागांसाठी मेमसीपीवाय नाहीच, त्यासाठी मेममूव्ह आहे. लिनस टोरवाल्ड्स यांचं म्हणणं, की वापरणाऱ्याचं चालतं ते मोडलं, कलम काहीही म्हणो. लिहिलेलं मोठं की चालणारं मोठं, यावर आम्ही जेवणाच्या सुटीत तावातावानं बोलायचो. आज वाटतं, उत्तरापेक्षा तो वाद घालता येणं महत्त्वाचं होतं.

या आठवणींवर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही, आणि त्याला कारण आहे. आठवतात ते टिकून राहिलेले. ज्यांनी तीन रात्री कंपाइल न होणाऱ्या सोर्सपुढे काढल्या आणि मग हे क्षेत्रच सोडलं, ते असे लेख लिहीत नाहीत. उशिरापर्यंत कचेरीत थांबणं ज्यांना जमायचं त्यांनाच हे शिक्षण मिळालं. ज्यांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असे, अशा कितीतरी मैत्रिणी त्यातून वगळल्या गेल्या. स्टँडर्डचं इंग्रजी वकिली वळणाचं, एकेका वाक्यात चार अटी. मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलाला ते वाचताना आपणच कमी आहोत असं वाटायचं. आज तोच विषय त्याला मराठीतल्या व्हिडिओत कुणीतरी फळ्यावर समजावून देतं. ज्ञान मिळवायला त्रास व्हावाच लागतो, असं मानण्यात त्रास सोसलेल्यांचा अहंकार असतो. बग हे बगच होते. लोकांचा वेळ गेला, पैसा गेला, माहितीही गेली.

आणि ते दिवस पुरते सरलेत, हेही खरं नाही. सी चं स्टँडर्ड म्हणतं, की वाइड कॅरेक्टरच्या एका एककात त्या प्रणालीनं मान्य केलेल्या कुठल्याही भाषेचं कुठलंही अक्षर मावलं पाहिजे. सिग्विनमध्ये ते एकक सोळा बिटांचं आहे, कारण विंडोजचं तसं आहे. देवनागरी त्यात मावते. पण २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आलेली मोडी लिपी ६५,५३६ च्या पलीकडच्या जागेत आहे. मोडीच्या एका अक्षराला तिथं दोन एककं लागतात. म्हणजे शतकानुशतकं मराठी कागदपत्रं ज्या लिपीत लिहिली गेली, तिचं एक अक्षर मोजायला सांगितलं तर ही लायब्ररी दोन मोजू शकते, आणि तिचा आधार घेणारा प्रोग्राम अक्षर मधोमध तोडू शकतो. हे एकक आता बदलता येत नाही. बदललं तर आधी कंपाइल झालेलं सगळं मोडेल.

तरी वाट काढली जातेच. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या सिग्विन ३.५ मध्ये बत्तीस बिटांची अक्षरं वाचणारी-लिहिणारी सी-११ ची फंक्शनं आली. फाइलच्या नावांचे नमुने जुळवताना अक्षरांचे वर्ग नावानं सांगण्याची जी सोय पॉसिक्सनं १९९२ मध्ये लिहून ठेवली होती, तीही त्याच आवृत्तीत सिग्विनच्या ग्लोबमध्ये आली. बत्तीस वर्षांनी का होईना, लिहिलेलं चालू लागलं. उशीर करणारं सिग्विन एकटंच नव्हतं: ओपनबीएसडीनं १९९८ मध्ये आणलेलं स्ट्रएलसीपीवाय लिनक्सच्या ग्लिबसीत २०२३ मध्ये पोहोचलं, न्यूलिबमध्ये ते कितीतरी आधीपासून होतं, आणि २०२४ च्या पॉसिक्सनं शेवटी ते स्वीकारलं. कधी चालणारं पुढं असतं आणि लिहिलेलं त्याच्या मागून येतं.

म्हणून नव्या मुलांनी आमच्या जुन्या गैरसोयी पुन्हा भोगाव्यात, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वाट्याला त्यांचे प्रसंग येतातच. उबुंटूवर चालणारा प्रोग्राम अल्पाइनच्या कंटेनरमध्ये टाकला की तो अचानक कोसळतो, कारण तिथली सी लायब्ररी ग्लिबसी नसून मसल आहे आणि तिच्यात थ्रेडला मिळणारा स्टॅक कितीतरी लहान आहे. ईएसपी-३२ च्या स्वस्त बोर्डावर प्रकल्प करणारा पुण्या-नाशिकचा विद्यार्थी प्रिंटएफ वापरतो तेव्हा अनेकदा तेच आमचं न्यूलिब चालत असतं. अशा वेळी सोपा मार्ग असतो कंटेनर बदलण्याचा, सापडलेली ओळ चिकटवून पुढं जाण्याचा. घाई असेल तर तो घ्यावाही. पण एखाद्या निवांत दुपारी त्या फंक्शनचं पॉसिक्समधलं पान उघडावं, लायब्ररीचा सोर्सही उघडावा, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. दोन्ही मोकळे आहेत, दोन्ही माणसांनी लिहिलेले आहेत. त्यांच्यात फरक सापडला, तर तो मिटवायची परवानगी आजही कुणाकडे मागावी लागत नाही. आमच्या विधींपैकी एवढा एक पुढं चालला, तरी बाकीचे गेल्याचं मला काही वाटणार नाही.